अप्पा, मासे तेच नव्हते

अप्पा, तुमच्या लेकीनं, गिरिजाक्कांनी, माझ्याकडून दोन पानं मागितली होती. तुमच्या स्मरणिकेसाठी. "काका, सव्वीस वर्षं तुम्ही अप्पांसोबत होता. तुमच्या लेखाबिगर ती पुरी कशी व्हायची?" म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि तीन दिवस कागद पुढे घेऊन बसलो. पहिलं वाक्य दर वेळी जमायचं. ‘बीदरजवळच्या कोळारच्या उजाड माळावर ज्यांनी हजार हातांना काम दिलं’, इथपर्यंत यायचो, आणि तोंडात ती चव यायची. तुम्हाला ठाऊक आहे कुठली. तुमच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला सांडपाण्याचे हौद होते, तिथं वारा फिरला की जिभेच्या बुडाशी जी येऊन बसायची ती. खवट बदामासारखी. घरी जाऊन जेवलं तरी जायची नाही.

तुम्ही किती शाळा बांधल्या, किती पोरांना शिकवलं, कुठल्या गावात दवाखान्याची गाडी दिली, हे बाकीचे लिहितील. त्यातलं एकही खोटं नाही. म्हणूनच मला जास्त किळस येते.

मी माशांबद्दल लिहिणार आहे.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आपल्याकडे औषधांची कच्ची रसायनं बनायची. त्याचं सांडपाणी स्वच्छ करून सोडायचं, असा नियम. ते काम माझ्याकडे. आणि पाणी खरोखर स्वच्छ झालंय हे आल्यागेल्याला दिसावं म्हणून शेवटच्या पाइपाखाली काचेची एक टाकी ठेवायची, तिच्यात मासे सोडायचे. मासे पोहतायत म्हणजे पाणी चांगलं, अशी रीत. तुम्ही बीदरमधून आठ केशरी मासे आणवलेत. मी पाइपाचं पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठही मासे पोट वर करून तरंगत होते.

मी पळत तुमच्याकडे आलो. वाटलं, आता मशिनरी बदलावी लागणार, काम थांबवावं लागणार. तुम्ही चहा पीत होता. माझे वडील राजेश्वर गावच्या शाळेत तुम्हाला शिकवायचे, म्हणून मी तुमच्यासाठी ‘मास्तरचा पोरगा’, आणि नोकरीला लागल्यावर नुसता ‘मास्तर’.

"मेले म्हंतोस, मास्तर?"

"सगळे, अप्पा."

"मग दुसरे आण. मासेच हायत. होगली बिडू."

होगली बिडू. जाऊ दे, सोड. कन्नडमधले हे दोन शब्द तुमच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले की घरी माझी बायकोही वापरायला लागली. दूध उतू गेलं, होगली बिडू. मी मात्र ते ऐकलं की उठून बाहेर जातो.

मग मला युक्ती सुचली. टाकी वाहती दिसायला हवी, म्हणून पाइपाचं पाणी थोडं सोडायचो आणि बाकी पुढच्या अंगणातल्या बोअरचं मिसळायचो. तेवढ्यावर मासे आठवडाभर टिकायचे. कधी चारच दिवस. मेलेले सकाळी लवकर काढून नवे सोडायचे, पहिली पाळी सुरू व्हायच्या आत. एवढी वर्षं मी हे काम कुणाला सांगितलं नाही, माझं मीच केलं. बीदरच्या मासेवाल्या चाचानं एकदा न राहवून विचारलं, "साब, बुरा नक्को मानो. तुम लोगां मछली पाल रै की खा रै?" मी म्हणालो, घरी मांजर आहे. पुढच्या खेपेला त्यानं मांजरीसाठी म्हणून सुकट बांधून दिली. त्याच्या त्या भलेपणानं मला रस्त्यातच ओकारी आली.

आणि तुम्ही, अप्पा? एका वर्षी तुम्ही टाकीजवळ उभं राहून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "मास्तर, दरसाल ह्याच मापाचे आणायलास व्हय? जरा थोर आण की अवंदा. मासे वाढत न्हाईत का?" मला ते सुचलं नव्हतं. तुम्हाला सुचलं. त्या वर्षापासून मी बोटभर मोठे मासे आणू लागलो, आणि तपासणीला आलेले साहेब म्हणू लागले, वा, मासे चांगलेच वाढलेत.

गिरिजाक्का तेव्हा सात-आठ वर्षांच्या असतील. शाळा सुटली की गाडी त्यांना कारखान्यात आणायची. शेपटीवर काळा ठिपका असलेल्या एका मासळीचं नाव त्यांनी रंगी ठेवलं होतं. आल्याबरोबर काचेला नाक लावायच्या. रंगी पहिल्याच आठवड्यात मेली. मी बीदरची तिन्ही दुकानं पालथी घातली, शेपटीवर ठिपका असलेली केशरी मासळी मिळेपर्यंत. दुपारी अक्का आल्या. "रंगी, मला ओळखलीस का ग?" म्हणाल्या, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. एका लेकराचं मन राखलं असं वाटलं. पुढं कळलं की साहेबांना फसवायला जे हात लागतात तेच हात लेकराचं मन राखायला लागतात. फरक हाताला कळत नाही.

तुमच्या बाजूचंही लिहितो. नाहीतर तुम्ही वरून म्हणाल, मास्तर, अर्धंच लिहायलास.

माझ्या आईचं पोट फुगलं तेव्हा तुम्ही स्वतः गाडी चालवत आम्हाला हैदराबादला नेलंत. ड्रायव्हर सुट्टीवर होता, दुसरा बोलावता आला असता. तुम्ही बोलावला नाहीत. दवाखान्याच्या लोखंडी बाकावर दोन दिवस बसून राहिलात, आणि आई शुद्धीवर आल्यावर तिच्या पायांकडे उभं राहून म्हणालात, "अव्वा, मास्तर सरांनी मला छडी मारली तवा तुम्हीच हाताला तेल लावलं होतं, ध्यानात हाय का?" आई हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. ती पुढं नऊ वर्षं जगली. देवाला दिवा लावताना तुमचं नाव घ्यायची.

त्या बाकावर बसलेला माणूस कोण होता, अप्पा? मी हा प्रश्न तुम्हाला कधी विचारला नाही. तो खोटा असता तर मला सोपं गेलं असतं. तो खरा होता. बाकावर बसलेलाही तुम्हीच, आणि मासे थोर आणायला सांगणारेही तुम्हीच, आणि दोघांच्या अंगाला एकाच विभूतीचा वास.

शांताक्का आठवतात? कुंपणापलीकडे त्यांचं शेत. एकदा त्या फाटकाशी आल्या, पदर खोचून, थेट तुमच्या गाडीपुढे. "अप्पा, म्हैस विहिरीच्या पाण्याला तोंड लावंना झालीया."

तुम्ही काच खाली केलीत. "अक्का, म्हैस लाडावलीय तुमची. पेंड जास्त घालायलाव."

सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं बाकीच्यांपेक्षा जरा मोठं होतं, कारण सगळ्यांत जास्त मला ठाऊक होतं. दोन महिन्यांनी तुम्ही त्यांच्या वस्तीत शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलंत. फीत कापलीत, शांताक्कांना इरकल साडी दिलीत. पाण्याचा पहिला पेला तुमच्या हातात दिला गेला, तुम्ही तो ओठांना लावलात, फोटो निघाला. मी तुमच्या मागे होतो. पेला तुम्ही झेंडूच्या कुंडीत रिकामा केलात. गाडीत बसल्यावर राजेश्वरच्या विहिरीचं पाणी भरलेला स्टीलचा डबा उघडलात आणि घटाघटा प्यालात. कोळारच्या मातीतलं पाणी तुम्ही सव्वीस वर्षांत एकदाही प्याला नाहीत. चूळसुद्धा भरली नाहीत.

आता त्या जागेचं.

कारखान्यामागचा तो रिकामा तुकडा. हौदांच्या तळाला जो काळा गाळ साचतो तो पिंपांत भरून लांब, त्याच्यासाठी केलेल्या जागी पाठवायचा असतो. एका वर्षी तुम्ही तो पाठवला नाहीत. पिंपं शेडमध्ये वाढत गेली, गळायला लागली. मग एका रविवारी, भर दुपारी, जेसीबी आला. फाटकावर फलक होता, ‘वृक्षारोपण’. बरेच खड्डे लहान होते. एक मोठा होता. निळी पिंपं त्यात एकावर एक गेली, एक फुटलं, आणि तो वास असा उठला की जेसीबीवाला मशीन बंद करून लांब जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पोरांनी रांगेनं करंजाची रोपं लावली. तुम्ही प्रत्येकाला लाडू दिलात.

आमच्याकडची ती लाल माती, खाली जांभा दगड. जांभ्यात बोट जाईल एवढी भोकं असतात. वर जे ओताल ते खाली जातं. हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही, विहीर खणणारा कुणीही सांगेल. मी तुम्हाला सांगितलंही.

"पाऊस उघडला की काढू, मास्तर."

पाऊस उघडला. मी पुन्हा विचारलं. "कामून मागं लागलास? काढतो म्हनलं न्हाई का?" तुम्ही रागावला नव्हतात, दमलेले दिसत होता. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. करंज वाळले, कडेचे चार सोडून. आपला वाद तिथंच अर्धा राहिला आणि तो अर्धा ठेवण्यात माझा वाटा तुमच्याइतकाच आहे. तुमच्याकडे निदान होगली बिडू तरी होतं. माझ्याकडे तेही नव्हतं.

तुमचं दुखणं वाढल्यावर तुम्ही राजेश्वरच्या शेतावर राहायला गेलात. एक दिवस मला बोलावलंत. बाजेवर पडून होता, हात काटकीसारखे झाले होते. वाईट वाटलं मला. खरंच वाटलं.

"मास्तर, मागची जागा मी पोरींना द्यायलोय. खेड्यापाड्यातल्या पोरी शिकायला येतात, राहायला जागा न्हाई. वसतिगृह बांधायचं. माझ्या अव्वाचं नाव द्यायचं."

मी म्हणालो, "अप्पा, त्या जागेखाली..."

"वर चार मजले चढले की खालचं कोण उकरायलंय?"

"मुली पाणी कुठलं पितील?"

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं आता बोलाल. काहीतरी बोलाल, माझं ओझं हलकं होईल असं. "फिल्टर बसवू की," म्हणालात. "फिल्टर आपलंच हाय." आणि उशाखालून कागद काढलात. जागा मोकळी आहे, तिथं कारखान्यानं कधी काही साठवलेलं नाही, असं लिहिलेला. जाणकार म्हणून माझी सही हवी होती.

मी सही केली, अप्पा. कुणी हात धरला नव्हता. मग तुम्ही म्हणालात, "ताक पिऊन जा," आणि मी ताक प्यालो. थंडगार होतं, वर कोथिंबीर होती. चांगलं लागलं. त्या ताकाची चव चांगली लागली हे आठवलं की मला स्वतःच्या जिभेची शिसारी येते.

तुम्ही गेलात. तुमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तुम्हाला राजेश्वरच्या शेतात समाधी खणून बसवलं. जागा तुम्हीच आधी दाखवून ठेवली होती, म्हणे. मी खड्ड्याच्या काठाशी होतो. काळी, ओलसर माती, फावड्याबरोबर गांडुळं वर येत होती. स्वामींनी विभूती टाकली, बेलाची पानं टाकली, लोक रडत होते. मूठभर माती टाकायला मी वाकलो आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली. स्वतःसाठी तुम्ही किती चांगली माती निवडलीत! माती हातातच राहिली. नंतर कधीतरी मी ती पँटला पुसली.

वसतिगृहाचं भूमिपूजन तुमच्यामागे पंधरा दिवसांत ठेवलं होतं, तुमची इच्छा म्हणून. त्या सकाळी मी बीदरच्या मैलूर भागातल्या माझ्या घरातून निघालो आणि पाय आपसूक मासेवाल्याकडे गेले. चाचा म्हातारा झालाय. "आवो साब! बिल्ली जिंदी है अब्बी?" चार केशरी मासे पिशवीत घेतले, पिशवीला रबर लावलं, स्कूटरच्या हँडलला अडकवली. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की मला तोंडानं बोलता येणार नाही.

मांडव घातलेला होता. करंजाच्या वाळल्या खुंटांना माळा बांधल्या होत्या. आठवडाभर आधी बोअर मारली होती, पाणी भरपूर लागलं म्हणून सगळे खूश. शाळेच्या मुली स्वागतगीत म्हणून खाली बसल्या होत्या आणि एक बाई त्यांच्यासाठी बोअरचं पाणी प्लास्टिकच्या जगमध्ये भरत होती. शेजारी पेल्यांची चळत. पहिल्या रांगेतल्या मुलीनं हात पुढे केला.

"नको!" मी ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. भटजी थांबले. मुलीनं हात मागे घेतला आणि ती माझ्याकडे, मी काही चोरल्यासारखं बघत राहिली.

गिरिजाक्का पूजेवरून उठून आल्या. कपाळावर कुंकू, हातात अक्षता. "काका, काय झालं? आन् मासे कशाला आणलाव?"

"अक्का, हे मासे त्या पाण्यात सोडा. बोअरच्या. आणि संध्याकाळपर्यंत थांबा."

"कामून?"

मग मी सांगितलं. उभ्याउभ्या, स्मरणिकेत लिहायचं होतं त्याच्यापेक्षा कमी शब्दांत. मोठा खड्डा, निळी पिंपं, माझी सही. टाकीतल्या माशांबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"रंगी पण?"

"रंगीसुद्धा. चार वेळा."

पिंपांचं ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आता तो लहान झाला. काचेला नाक लावायच्या तेव्हाचा. मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मला वाटलं, बोअरच्या पाण्यात रिकामी करतील. त्यांनी ती वर धरून बघितली, एकेक मासा मोजल्यासारखी, आणि मला परत दिली.

"ह्यांना कामून मारायलाव आता? कळलं मला. घरी न्या."

पाण्याचा जग त्यांनी स्वतः उचलून ओतून दिला. मुलींना गाडीत बसवलं. बोअरचं तोंड वेल्डिंग करून बंद करवलं, तिथं उभ्या राहून, पूजेच्या साडीत. भटजींना दक्षिणा दिली. जमलेल्या लोकांतून कुणीतरी म्हणालं, "अक्का, माणूस गेल्यावर कशाला उकरायचं? अप्पांचं नाव..." त्या वळल्या. वाटलं, आता त्यांच्या तोंडून तुमचेच ते दोन शब्द येतील. आले नाहीत. "नाव वर लिहायचं होतं ना? आधी खालचं काढते," म्हणाल्या.

जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काका, तुम्ही बाईमाणसासारखं तोंड झाकून सव्वीस वर्षं बसलाव." मग थांबल्या. "न्हाई. बाईमाणूस बोललं होतं. शांताक्का बोलल्या होत्या. तुम्ही हसला होता. मी गाडीत मागं होते."

त्या गाडीत होत्या, अप्पा. आठ वर्षांची पोर, मागच्या सीटवर. तुम्हाला आठवत होतं का? मला नव्हतं.

"ते दोन पानं आता लिहा," म्हणाल्या. "सगळं लिहा. दोनात मावत नसंल तर चार घ्या."

तर ही ती पानं. त्या छापतील की फाडतील, मला ठाऊक नाही, आणि तो निर्णय त्यांचा. माझ्या सहीचा कागद खोटा आहे हे मी वेगळ्या कागदावर लिहून प्रदूषण मंडळाच्या कचेरीत देऊन आलोय. परवा सरकारी माणसं येणार, मोठा खड्डा कुठं ते मला दाखवायचंय. कडेच्या चार करंजांपासून मोजलं की सापडेल. शांताक्कांच्या घरी गेलो होतो. त्यांनी आत घेतलं नाही. बरोबर केलं.

तुमच्याबद्दल मला किळस आहे, अप्पा. शब्द जपून वापरतोय, पण हाच आहे. आणि रोज सकाळी आईच्या फोटोपुढे दिवा लावताना तिच्या सवयीनं तुमचं नाव माझ्या ओठांवर येतं. ते मी अजून थांबवू शकलेलो नाही.

मासे घरी प्लास्टिकच्या टबात आहेत. नळाचं पाणी, रोज चिमूटभर खाणं. पहिले चार दिवस मी पहाटे उठून बघत होतो, काढावे लागतील म्हणून हातात चहाची गाळणी घेऊन. पाचव्या दिवशी गाळणी जागेवर ठेवली. काल बायको म्हणाली, "अवो, हे वाढायलेत की." मी वाकून बघितलं. चाचाच्या दुकानात होते त्यापेक्षा ते खरंच बोटाच्या पेराएवढे मोठे झाले आहेत. सव्वीस वर्षं मी मासे सांभाळले, आणि मासा वाढताना मी पहिल्यांदा बघतोय.